रॉटवायलर, पिटबुल किंवा तसाच दांडगा कुत्रा पाळायचाय? नाशिककरांसाठी पायरी-पायरीने

आमच्या घरी रॉटवायलर आहे हे कळलं की कुणी ना कुणी विचारतंच, "आम्हालाही घ्यायचाय, पिल्लू कुठे मिळेल?" पिल्लू कुठेही मिळतं. मोबाइल हातात घेतला तर तासाभरात फोटो येतात, संध्याकाळपर्यंत टोकनही मागतात. त्याच्या आधी बघायच्या गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. त्या इथे क्रमाने लिहितोय. रॉटवायलर, पिटबुल, अमेरिकन बुली, केन कोर्सो, मास्टिफ, डोगो अर्जेंटिनो, कॉकेशियन शेफर्ड, अकिता, यांपैकी काहीही आणणार असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट मनाशी पक्की करूनच पुढे वाचा. आपला कुत्रा कधीतरी कुणाला तरी चावू शकतो, असं धरूनच घर, वेळ आणि कागद यांची व्यवस्था लावायची. "आमचा तसला नाही हो" असं प्रत्येक मालक म्हणतो, आणि चावेपर्यंत ते खरंही असतं. पामेरियन रॉटवायलरपेक्षा जास्त वेळा दात लावत असेल, पण त्याच्या चाव्यावर इंजेक्शन घेऊन माणूस संध्याकाळी घरी येतो. पन्नास किलोच्या नर रॉटवायलरने दंड धरला तर थेट ऑपरेशन थिएटर. जातीमुळे स्वभाव किती बिघडतो यावर वाद घालत बसा हवं तर, नुकसान किती होईल यावर वाद नाही.

१. आधी घर आणि माणसं बघा, जात नंतर

सिडकोतल्या जुन्या रो-हाऊसचा ओटा संपतो तिथे रस्ता सुरू होतो. भिंतीला भिंत लागलेली, फाटक कमरेएवढं, आणि लाइनीतली पोरं दारातच क्रिकेट खेळतात. चेंडू ओट्यावर आला की पोरगं फाटकातून हात घालतं आणि काढून घेतं. त्या घरात गावठी कुत्रा मजेत राहील, केन कोर्सो आणू नका. फ्लॅटचंही तेच: लिफ्टचं दार उघडताच समोर शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या असतात, आणि कुत्र्याला मागे सरकायला जागा नसते.

मग घरातली माणसं. स्वतःला सरळ विचारा:

- पट्टा रोज कोण धरणार? आणि तो माणूस पुण्याला कामाला गेला त्या दिवशी कोण?
- घरात लहान मूल, वयस्कर आई-वडील, रोज येणाऱ्या कामवाल्या मावशी आहेत का?
- घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? घर बदलताना असा कुत्रा घेऊन नवं घर शोधणं फार जड जातं.
- खर्च झेपेल का? चांगल्या कंपनीचं कोरडं खाद्य घातलं तर १५ किलोची पिशवी मोठ्या कुत्र्याला जेमतेम महिनाभर जाते. डॉक्टर, औषधं, बाहेरगावी गेल्यावरचं बोर्डिंग वेगळं, आणि अशा जाती ठेवून घ्यायला बरेच बोर्डिंगवाले तयार नसतात.

२०२२ च्या जुलैत लखनौला घरच्याच पिटबुलने मालकाच्या आईचा जीव घेतला. ऐंशी ओलांडलेली बाई, आणि कुत्रा घरातलाच. जो कुत्रा फक्त एकाचंच ऐकतो तो घराच्या ताब्यात नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या एका शब्दावर तो बसला पाहिजे. हे जमणार नसेल तर इथेच थांबा. राखणीला भुंकणारं कुणीतरी हवं एवढीच गरज असेल तर गावठी पिल्लू किंवा कारवान (आपल्याकडची देशी शिकारी जात) बघा; आपल्या हवेला दोघंही सरावलेले.

मखमलाबाद, दिंडोरी, निफाडकडच्या मळेवाल्यांसाठी जाता जाता: "बिबट्या येतो म्हणून दांडगा कुत्रा" हा हिशेब उलटा पडतो. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार, त्यात रात्री साखळीला बांधलेला असेल तर त्याला पळायलाही जागा नाही. मळ्यावरही रात्री कुत्रा बंद खोलीत किंवा वरून जाळी असलेल्या पिंजऱ्यातच हवा.

२. कायदा कुठे आहे

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं, की पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ अशा २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि आधीच घरी असलेल्यांची नसबंदी करून घ्या. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवलं, आणि त्याच वर्षी केंद्राने लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. त्यामुळे "बंदी आली" असं सांगणारे आणि "बंदी उठली, बिनधास्त घ्या" असं सांगणारे, दोघांवरही विसंबू नका. शहरागणिक नियम बदलतात. गाझियाबादने २०२२ मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदीचा ठराव केला होता. पिल्लाचे पैसे देण्याआधी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात जाऊन त्या दिवशीचा नियम विचारून या.

बंदी असो-नसो, एक कलम कायम तुमच्या डोक्यावर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ लागू शकतं, तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. भरपाईचा दावा वेगळा.

फाटकावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी लावली की आपण सुटलो, असा एक समज आहे. पाटी जरूर लावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. पण धोका तुम्हाला आधीपासून ठाऊक होता, याचाही ती पुरावा असते. पाटी लावून फाटक उघडं ठेवलं तर बाजू जास्तच पडेल.

दुसरी बाजूही माहीत असू द्या. सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत. पण हा कागद पहिल्याच बैठकीत आपटू नका. सेक्रेटरींना आधी भेटा, लसीचं पुस्तक दाखवा, फिरवायच्या वेळा सांगा. मोठ्या कुत्र्याच्या मालकाला शेजाऱ्यांचा चांगुलपणा फार उपयोगी पडतो.

३. पिल्लू घेताना

विकणाऱ्यांची बोली ठरलेली: "हेवी बोन", "चॅम्पियन लाइन", "इम्पोर्टचं रक्त". तिकडे कान देऊ नका. हे बघा:

- वय. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार मनाई आहे. त्यामागे कारणही आहे: किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. महिन्याभराचं उचललेलं पिल्लू तो धडा अर्धाच घेऊन येतं.
- आई. पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा. ती परक्या माणसाला पाहून कोपऱ्यात दबत असेल किंवा अंगावर धावत असेल, तर परत फिरा. "बाप बघा, कुणाला आत पाय ठेवू देत नाही" हे विकणारा कौतुकाने सांगतो. तुम्ही ते इशारा म्हणून ऐका. भित्रेपणा आणि चिडकेपणा बऱ्याच अंशी रक्तातून येतो.
- नोंदणी. पैदास करणाऱ्याने राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. प्रमाणपत्र मागा. केनेल क्लबचे कागद म्हणजे ही नोंदणी नव्हे.
- कान-शेपटी. कान कापून टोकदार केलेलं पिल्लू घेऊ नका. क्रौर्य तर आहेच, शिवाय कान आणि शेपटी ही त्याची बोलायची साधनं. ती गेली की त्याचा राग इतर कुत्र्यांना आणि तुम्हालाही उशिरा कळतो.

हायवेवरच्या ढाब्यापाशी गाडीच्या डिकीतून पिल्लू देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. यावर जास्त बोलायची गरज नाही.

४. परवाना, कागद आणि सामान

नाशिक महापालिका हद्दीत कुत्रा पाळायचा तर परवाना घ्यावा लागतो. चौकशी शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात करा. जाताना एवढी फाइल सोबत ठेवा म्हणजे हेलपाटा पडत नाही:

- मालकाचं आधार कार्ड आणि फोटो
- पत्त्याचा पुरावा: घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा भाडेकरार
- रेबीज लसीची नोंद असलेलं पुस्तक, त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि लसीच्या बाटलीचं स्टिकर
- कुत्र्याचे दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूने
- नसबंदी झाली असेल तर तिचं प्रमाणपत्र
- मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा क्रमांक
- पिल्लू कुणाकडून घेतलं त्याची पावती

रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. लसीची तारीख चुकली तर परवान्याच्या कागदाला काही अर्थ उरत नाही, म्हणून दोन्हींच्या तारखा मोबाइलमध्ये लावून ठेवा. पाळीव प्राण्यांच्या विम्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीची जोड मिळते. ती घ्या, पण जातींची वगळलेली यादी आधी वाचा. ती बारीक अक्षरांत असते.

सामानात कंजुषी करायची नाही अशा वस्तू तीनच: रुंद गळपट्टा, चार ते सहा फुटांचा जाड पट्टा आणि जाळीचा मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर चढवायची टोपली. लांब-आखूड होणारा डबीवाला पट्टा या जातींना अजिबात नको. पट्ट्याचा हुक दुकानातच हाताने वाकवून बघा. स्वस्तातल्या ओतीव हुकाची फिरकी पहिल्या जोरदार हिसक्याला निसटते, आणि तो हिसका नेमका समोर मांजर असतानाच बसतो.

५. पहिलं वर्ष

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला पुढे जन्मभर साधं वाटतं. अडचण अशी की याच काळात लसीकरण अपुरं असतं, म्हणून जमिनीवर सोडता येत नाही. मग कडेवर घ्या आणि हिंडवा. हेल्मेटवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, रिक्षा, शाळा सुटल्यावरचा गोंगाट, छत्री उघडणं. गणपतीआधी मैदानांवर ढोल पथकांचा सराव चालतो. आधी खूप लांबून ऐकवा, खाऊ द्या, मग दोन-तीन दिवसांनी थोडं जवळ. नाशिक ढोल दारावरून जाणारच आहे, त्याची ओळख आधी झालेली बरी. पिल्लू अंग आकसायला लागलं की तिथून निघायचं. "सवय होईल" म्हणून गर्दीत धरून ठेवलं तर भीतीच पक्की होते.

शिकवायचे शब्द मोजके: बस, थांब, ये, सोड, जागेवर. "सोड" सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो हिसकावून शिकवता येत नाही. तोंडात चप्पल असेल तर नाकासमोर चिकनचा तुकडा धरा, चप्पल सुटली की "सोड" म्हणा, तुकडा द्या आणि चप्पल परतही द्या. तुम्ही घेता म्हणजे लुटत नाही, हे त्याला कळलं पाहिजे.

आणि हे करायचं नाही: हाताशी कुस्ती, पाहुण्यांवर "छू" करणं, दिवसभर साखळी, काठीचा मार. साखळीला बांधून ठेवलेला कुत्रा राखणीला तयार होत नाही, पिसाटतो. जड साखळीने तासन्तास बांधून ठेवणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हा आहे. पोरांना "छू" करायची हौस फार, त्यांना पहिल्या दिवशीच ताकीद द्या.

नसबंदीचं वय डॉक्टरांशी बोलून ठरवा, मोठ्या जातींमध्ये हाडं भरेपर्यंत थांबायला सांगतात. तिने भटकणं आणि नरांमधली मारामारी कमी होते. भीतीने चावणारा कुत्रा मात्र नुसत्या नसबंदीने सुधारत नाही.

६. फाटक, फेरफटका, मझल

साध्या लोखंडी फाटकाची आडवी कडी मोठा कुत्रा नाकाने उचलतो. आमच्याने बसल्या बसल्या दोनदा नाक लावलं, कडी वर, फाटक उघडं. शिकवायला कुणी गेलं नव्हतं. म्हणून कडीला खालून पिन किंवा कुलूप हवंच. फाटक छातीच्या वर, खालची फट बंद, आणि गजांमधून मुलाचा हात आत जाणार नाही अशी जाळी. जमलं तर दोन दारं करा: बाहेरचं उघडताना आतलं बंद. दूधवाला, कुरिअर, गॅस सिलेंडरवाला यांच्यासाठी बेल आणि वस्तू ठेवायची पेटी फाटकाच्या बाहेर. "भुंकतो फक्त, या आत" हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही. माणूस आत येणार असेल तर कुत्रा आधी खोलीत, दाराला बाहेरून कडी, मगच फाटक.

फिरवायला पहाटे लवकर किंवा रात्री जेवणानंतर. गोदापार्क, जॉगिंग ट्रॅक अशा ठिकाणी सकाळी पळणारी माणसं असतात आणि पळणारं काहीही दिसलं की पाठलाग सुचतो. रिकामं मैदान दिसलं तरी पट्टा सोडायचा नाही. कोपऱ्यावरून भटकी टोळी कधी येईल सांगता येत नाही. पट्टा मनगटाला गुंडाळू नका, हिसका बसला तर तुम्ही तोंडावर पडाल आणि हात अडकलेलाच राहील. फास अंगठ्यात घ्या, उरलेला पट्टा मुठीत.

मझल कापडी नको. कापडाने तोंड आवळलं की त्याला धापा टाकता येत नाहीत, आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ते जिवावर बेतेल. जाळीच्या टोपलीसारखा घ्या, ज्यात तोंड उघडतं आणि पाणी पिता येतं. सवय लावायला आठवडाभर जातो. जाळीच्या आतून दही चोपडा आणि मझल नुसता हातात धरा. तो स्वतःहून नाक आत घालेल, चाटेल, बाहेर काढेल. दोन दिवस एवढंच. मग चाटत असताना मझलचा पट्टा मानेमागे नुसता टेकवा. मग क्षणभर लावा आणि दही संपायच्या आत काढा. डॉक्टरकडे न्यायच्या दिवशी पहिल्यांदा मझल चढवणारे लोक स्वतःच चावून घेतात.

दिवाळी, रंगपंचमी आणि मिरवणुकीच्या दिवशी कुत्रा घरातच, खिडक्या बंद. रंगलेला ओळखीचा माणूसही त्याला परका वाटतो.

७. गुरगुरणं ऐका

कुत्रा अचानक चावत नाही. आपल्याला वाचता येत नाही एवढंच. हाड चघळत असताना जवळून गेलात तर काय होतं ते नीट बघा. आधी चघळणं थांबतं. मान खाली, अंग लाकडासारखं ताठ. डोकं हलत नाही, पण डोळे तुमच्याकडे वळतात आणि कडेचा पांढरा भाग दिसतो. ओठ एकदाच चाटले जातात. मग गुरगुर, मग दात. गुरगुर ऐकू येते म्हणून लोक तिलाच सुरुवात समजतात, तोवर चार इशारे होऊन गेलेले असतात.

गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका. मारलं की तो गुरगुरणं सोडतो, चावणं नाही. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हेही खरं नाही. ताठ उभी आणि भराभर हलणारी शेपटी म्हणजे ताण. मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील तर मोठं माणूस तिथेच, मोबाइल खाली ठेवून. लहान मुलांना चावा बहुतेकदा चेहऱ्यावर बसतो, कारण त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो आणि मिठी मारायची त्यांना सवय असते. जेवताना, झोपेत आणि आजारपणात त्याला हात लावायचा नाही, हा नियम पाहुण्यांच्या मुलांनाही लागू.

पहिल्यांदा ताठरला त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. कानाचं दुखणं, सांधे, दात, यांमुळे शांत कुत्राही बदलतो. दुखणं नसेल तर ट्रेनर बघा. "याला मोडून काढतो" म्हणणारा मात्र नको.

८. चावलंच तर

जबडा धरून ठेवला असेल तर माणसाला ओढू नका, कुत्र्यालाही ओढू नका, जखम फाटते. गळपट्टा मागून मुठीत धरा, वर उचलून पिळा. श्वास कोंडला की जबडा सुटतो. लगेच कुत्रा खोलीत, दार बंद.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावा, १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. रक्ताची धार लागली असेल तर मात्र दाबून धरून आधी दवाखाना. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. मग त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते विचारून घ्या. धनुर्वाताचंही. "आमच्या कुत्र्याला सगळ्या लसी आहेत, काही होत नाही" असं म्हणून समोरच्याला घरी पाठवू नका. निर्णय डॉक्टरांचा, आणि लसीचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत तुम्ही स्वतः सोबत जा. खर्च न मागता द्या.

कुत्र्यावर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर चावला त्या वेळी लाळेत रेबीज नव्हता, असं डॉक्टर धरतात. आणि नेमकं याच वेळी लोक घाबरून कुत्रा गावाकडच्या मळ्यावर पाठवतात. मग लक्ष कोण ठेवणार? शिवाय पोलिसांत तक्रार झाली तर लपवल्यासारखं दिसतं ते वेगळंच. कुत्रा घरीच, बंद खोलीत, लसीचं पुस्तक आणि परवाना हाताशी. पोलीस आले तर ते दाखवा, जे घडलं ते सांगा, चावलेल्या माणसाच्या चुका मोजत बसू नका.

९. झेपेनासं झालं तर

बदली होते, बाळ येतं, पट्टा धरणारे वडील आजारी पडतात. अशा वेळी रात्री गंगापूर धरणाकडे किंवा घाटात सोडून येणारे आहेत. पाळीव जनावर सोडून देणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो कुत्रा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला भेटणार असतो.

ज्याच्याकडून घेतला त्याला आधी विचारा, मग तुमच्या डॉक्टरांना. अशा जाती सांभाळलेली माणसं त्यांना माहीत असतात. "मोफत देणे आहे" अशी जाहिरात टाकू नका, झुंजी लावणारे आणि फुकटची पैदास करणारे तीच शोधत असतात. देण्याआधी नसबंदी करून घ्या. नव्या माणसाच्या घरचं फाटक स्वतः जाऊन बघा. कधी, कुणावर, कशामुळे गुरगुरला किंवा चावला, ते कागदावर लिहून द्या आणि एका प्रतीवर त्याची सही घ्या. लसीचं पुस्तक, मझल आणि त्याचे ओळखीचे शब्द सोबत द्या. परवान्यावरचं तुमचं नाव त्याच आठवड्यात महापालिकेत जाऊन कमी करून घ्या.